तोंडी औषध-आदेश कसा द्यावा, कसा घ्यावा आणि कसा लिहावा

रात्रपाळीच्या फेरीत एका वॉर्डातील ट्रीटमेंट शीटवर नुकतीच झालेली एक नोंद माझ्या नजरेस पडली. औषध हॅलोपेरिडॉल, मार्ग स्नायूतून, वेळ पहाटे १:४०, पुढे 'सरांचा फोनवर आदेश' असा शेरा. डोसाच्या जागी मात्र पेनाचे टोक टेकून उमटलेला एक ठिपका होता आणि त्यापुढे बोटभर कोरी जागा. नोंद करणारी सिस्टर केरळातून येऊन तीनच महिने झाले होते. तिने मराठी आकडे एकापासून शंभरापर्यंत मेहनतीने पाठ केले होते. डॉक्टरांनी 'अडीच मिलिग्रॅम' असे सांगितले होते आणि 'अडीच' हा शब्द त्या शंभर आकड्यांत कुठेच नव्हता. पुन्हा विचारायला ती संकोचली, तेवढ्यात पलीकडून फोन ठेवला गेला, आणि आता दुसऱ्या वॉर्डातील मैत्रिणीला विचारून ती जागा भरावी असा तिचा विचार चालला होता. हॅलोपेरिडॉलच्या अ‍ॅम्प्युलमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. अंदाजाने ती जागा भरली असती तर बहुधा अख्खे अ‍ॅम्प्युलच गेले असते.

या प्रसंगात कोणीही निष्काळजी नव्हते. डॉक्टरांनी सांगितलेला डोस योग्य होता, सिस्टरने नोंदही तत्काळ केली होती. चूक एवढीच की दोघांनीही बोलणे संपले म्हणजे आदेश पूर्ण झाला असे धरले. तोंडी आदेश पूर्ण होतो तो तीन पायऱ्यांनी: ऐकणाऱ्याने तो रुग्णाच्या कागदावर लिहिला, लिहिलेले वाचून दाखवले आणि सांगणाऱ्याने 'बरोबर' म्हटले, की मगच. तोवर ते केवळ बोलणे असते, आणि बोलण्यावरून सिरिंज भरायची नसते. पुढील मार्गदर्शन लहानमोठ्या रुग्णालयांतील परिचारिका, निवासी डॉक्टर, आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) आणि बाहेरून भेटीला येणारे कन्सल्टंट या सर्वांसाठी आहे. आपल्या रुग्णालयाचे लेखी धोरण असेल तर आधी ते पाहावे, आणि नसेल तर ते तयार करण्यास हे टिपण उपयोगी पडावे. एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या मानांकनासाठीही तोंडी आदेशांबाबत लेखी धोरण असावे लागते.

तोंडी आदेश मुळात कधी घ्यावा

तातडीची स्थिती असेल, डॉक्टर शस्त्रक्रियेत किंवा निर्जंतुक हातमोजे घालून एखाद्या प्रक्रियेत गुंतलेले असतील, किंवा ते रुग्णालयाबाहेर असतील आणि औषध त्यांच्या येण्यापर्यंत थांबवता येत नसेल, तर तोंडी आदेश घ्यावा. डॉक्टर राउंड घेऊन नर्सिंग स्टेशनपाशी उभे आहेत, खिशाला पेन आहे, आणि 'सिस्टर, यांना एक पॅन्टॉप चालू करा' असे म्हणत जिन्याकडे निघाले आहेत, हा तोंडी आदेशाचा प्रसंग नव्हे. अशा वेळी हसतमुखाने केसपेपर पुढे करावा. अनुभव असा की कागद समोर धरल्यावर चिडणारे डॉक्टर फार थोडे निघतात. बहुतेकांना तो समोर कोणी धरलेलाच नसतो.

काही औषधांचे आदेश तोंडी घेऊच नयेत. कर्करोगावरील केमोथेरपीची औषधे त्यांत पहिली, कारण त्यांचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर आणि चक्राच्या दिवसावर ठरतो आणि ते गणित कानाने पडताळता येत नाही. मेथोट्रेक्झेट सांधेदुखीसाठी दिले जाते तेव्हा ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते, आणि 'रोज' व 'दर रविवारी' यांतील चूक जिवावर बेतू शकते. मॉर्फिन, फेंटॅनिल यांसारख्या अमली द्रव्यांसाठी बहुतेक रुग्णालयांत कुलूप, नोंदवही आणि डॉक्टरची सही हे बंधन असतेच. ते रात्री तीन वाजताही पाळावे.

आदेश कोणी घ्यावा, हेही आधीच ठरलेले असावे. नोंदणीकृत परिचारिका, निवासी डॉक्टर किंवा आरएमओ यांनी तो घ्यावा. प्रशिक्षणार्थी विद्यार्थिनी, स्वागतकक्षातील कर्मचारी, वॉर्डातील मामा किंवा मावशी यांनी घेऊ नये, आणि त्यांच्यामार्फत निरोपही पाठवू नये. 'सरांनी सांगितलंय, आठ नंबरला इंजेक्शन द्या' असा निरोप घेऊन मामा आले, तर सरांना फोन लावावा. लहान रुग्णालयांत आणखी एक प्रकार वारंवार घडतो: नातेवाईक स्वतःच्या मोबाइलवरून कन्सल्टंटना फोन लावतात आणि 'घ्या, डॉक्टर बोलतायत' म्हणून तो सिस्टरच्या हाती देतात. पलीकडचा आवाज ओळखीचा वाटला तरी तो फोन नम्रपणे परत करावा आणि रुग्णालयाच्या नोंदीतील क्रमांकावर आपण फोन करावा. दोन मिनिटे जातात, नातेवाईक थोडे नाराज होतात; पण आदेश कोणाचा होता या प्रश्नाला नंतर जागा उरत नाही.

फोन लावण्यापूर्वी

अर्ध्या चुका फोन लावण्याच्या घाईत पेरल्या जातात. रिकाम्या हाताने फोन लावला की डॉक्टर विचारतात, 'क्रिएटिनिन किती?', मग फोन धरून ठेवून कागद शोधला जातो, तोवर त्यांना दुसरा फोन येतो, आणि शेवटी आदेश धावत्या वाक्यात उरकला जातो. म्हणून आधी केसपेपर उघडून समोर ठेवावा, पेन हातात घ्यावे, आणि नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन, ताप व साखर यांची आत्ताची मापे लिहून घ्यावीत. रुग्णाचे वजन, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, आज कोणती औषधे किती वाजता गेली, मूत्रपिंडाचा शेवटचा अहवाल काय आणि शिरेतील मार्ग चालू आहे का, हेही पाहून ठेवावे.

सांगण्याचा क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही. आता काय घडत आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, आपल्याला काय वाटते, आणि आपल्याला डॉक्टरांकडून काय हवे, असा चार टप्प्यांचा क्रम जगभर शिकवला जातो. तो मूळचा अमेरिकेच्या नौदलातील पाणबुड्यांवरचा आहे आणि तेथून रुग्णालयांत आला. चौथा टप्पा आपल्याकडे नेहमी गळतो. 'सर, जाधव आजींना दम लागतोय' एवढे सांगून आपण गप्प होतो आणि पुढचे डॉक्टरांनी ओळखावे अशी अपेक्षा ठेवतो. 'आपण येऊन पाहावे असे मला वाटते' हे वाक्य उच्चारायला शिकावे लागते.

सांगणाऱ्याने काय आणि कसे सांगावे

पूर्ण आदेशात रुग्णाची ओळख, औषधाचे नाव, डोस, मार्ग, कशात मिसळून किती वेळात द्यायचे, किती वेळा आणि किती दिवस, आणि कशासाठी, इतके सगळे येते. ओळख दोन खुणांनी पटवावी: पूर्ण नाव आणि आयपीडी क्रमांक, म्हणजे दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. संध्याकाळी खिडकीजवळची खाट रिकामी झाली की रुग्ण तिकडे सरकतात, आणि एका वॉर्डात दोन जाधव असणे ही तर नित्याची गोष्ट आहे.

औषधाचे नाव शक्यतो मूळ जेनेरिक सांगावे आणि ब्रँड वापरावाच लागला तर दोन्ही सांगावीत. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत जेनेरिक नाव लिहिण्याची अपेक्षा आहेच. २०१६ च्या दुरुस्तीने ते सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे असे म्हटले. बोलण्यात अक्षर दिसत नाही, म्हणून तेथे जास्तच जपावे लागते. डोपामिन आणि डोब्युटामिन, सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम, हायड्रॅलझीन आणि हायड्रॉक्सिझीन, क्लोनिडिन आणि क्लोनाझेपाम या जोड्या फोनच्या खरखरीत सहज एकमेकांच्या जागी बसतात. लॅसिक्स आणि लोसेक यांचा घोळ अमेरिकेत इतका झाला की १९९० मध्ये लोसेकचे तेथील नावच बदलून प्रिलोसेक करावे लागले. यावर दोन उपाय आहेत. एक, संशयाचे अक्षर फोडून सांगणे: 'डोब्युटामिन, मधला बी फॉर बॉम्बे'. दुसरा उपाय त्याहून प्रभावी आहे: औषध कशासाठी आहे हे त्याच वाक्यात सांगणे. 'रक्तदाब वाढलाय म्हणून हायड्रॅलझीन' असे म्हटले की खाजेचे हायड्रॉक्सिझीन हाती घेणारी सिस्टर स्वतःच थबकते.

आता आकडे. मराठी बोलणाऱ्यांनी येथे जास्त सावध राहावे, कारण आपली संख्यावाचने देखणी असली तरी फोनला सोयीची नाहीत. 'सात' आणि 'साठ' यांत फक्त शेवटच्या एका व्यंजनाचा फरक आहे, आणि तो फरक मोबाइलवर पोहोचेलच असे नाही. 'पंचवीस' आणि 'पस्तीस', 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांचेही तसेच. 'एकोणतीस'मधील पहिला तुकडा गळला की तीस उरतात. इंग्रजीकडे वळून सुटका होत नाही; तेथे 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' उभेच आहेत. म्हणून प्रत्येक संख्या दोनदा सांगावी: एकदा पूर्ण, एकदा अंक सुटे करून. 'पन्नास, पाच-शून्य.' 'पंधरा, एक-पाच.' सुरुवातीला हे पोरकट वाटते. आठवड्याभरात जिभेला वळण पडते.

दीड, अडीच, पाव, पाऊण, सव्वा, साडे ही आपली अपूर्णांकांची घराणी तर औषधाच्या आदेशातून सरळ बाहेर काढावीत. पाऊण लाख आणि सव्वा रुपया यांवर वाढलेल्या डॉक्टरांना हे शब्द इतके सहज येतात की समोरच्याला ते कळत नसतील अशी शंकाही त्यांच्या मनात येत नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतील परिचारिकांपैकी कितीतरी जणी केरळातून आलेल्या असतात, निवासी डॉक्टर देशाच्या सर्व भागांतून येतात, आणि 'पावणेदोन'चा अर्थ लावायला त्यांनी कोणाकडे जावे? शिवाय 'दीडशे' म्हणजे १५०, पण 'दीड' म्हणजे १.५; पुढचा 'शे' खोकल्यात हरवला तर डोस शंभरपटीने घसरतो. 'दोन पॉइंट पाच मिलिग्रॅम' असेच म्हणावे. दशांशापूर्वी शून्य न चुकता उच्चारावे, कारण 'पॉइंट पाच'मधला 'पॉइंट' ऐकू आला नाही तर पाच उरतात. 'शून्य पॉइंट पाच' म्हटले की ऐकणाऱ्याला काहीतरी निसटल्याचे निदान कळते. उलट, पूर्ण संख्येमागे शून्य लावू नये: 'पाच पॉइंट शून्य'चे पन्नास होतात.

एककही पूर्ण उच्चारावे. 'मायक्रो' आणि 'मिली' यांत हजारपटीचे अंतर आहे. इन्सुलिनला 'युनिट' हा शब्द बोलताना आणि लिहिताना पूर्ण ठेवावा. नुसते इंग्रजी यू लिहिले तर घाईच्या अक्षरात ते शून्य दिसते आणि चार युनिटचे चाळीस होतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपी मुख्यतः मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि पेने १०० युनिटची असतात, त्यामुळे 'लाल टोपीची सिरिंज, चाळीसची कुपी' असे सिस्टरने वाचून दाखवताना सांगितले तर ते जास्तीचे बोलणे समजू नये.

डोस 'अ‍ॅम्प्युल', 'व्हायल', 'एमएल' किंवा 'चमचा' यांत कधीही सांगू नये. फ्युरोसेमाइडचे अ‍ॅम्प्युल २० मिलिग्रॅमचेही येते आणि ४० चेही. मिडाझोलॅम मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असेही मिळते आणि ५ मिलिग्रॅम असेही, म्हणजे 'दोन एमएल' या एकाच आदेशातून २ किंवा १० मिलिग्रॅम जाऊ शकते. हेपॅरिनच्या कुप्या मिलिलिटरला १००० आणि ५००० युनिट अशा दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या पातळ औषधात ५ मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम, तर थेंबांच्या बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते. मुलांसाठी आदेश देताना वजन, किलोमागे डोस आणि एकूण डोस हे तिन्ही सांगावेत: 'वजन १२ किलो, किलोला १५ मिलिग्रॅम, एकूण १८० मिलिग्रॅम.' मग ऐकणाऱ्यालाही गुणाकार करून पाहता येतो, आणि दोघांपैकी एकाचे गणित चुकले तर ते तिथेच उघड होते.

क्रियापदांचीही एक गंमत आहे, खरे तर गंमत कसली, धोकाच आहे. वॉर्डाच्या बोलीत औषध 'द्या', 'लावा', 'सोडा' आणि 'मारा' असे चार तऱ्हेने सांगितले जाते आणि प्रत्येक जण त्यातून आपापला मार्ग व वेग समजतो. 'केसीएल एक अ‍ॅम्प्युल सोडा' याचा अर्थ अनुभवी सिस्टर सलाईनमध्ये मिसळून असा घेईल. काल रुजू झालेली तसा घेईलच याची खात्री कोणी द्यावी? पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत जोराने गेले तर हृदय थांबते. तो आदेश असा हवा: 'पोटॅशियम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट, दोन-शून्य, ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून, नीट हलवून, चार तासांत, पोटॅशियम कमी आहे म्हणून.' 'हळू द्या' हाही अपुरा शब्द आहे. फेनिटॉइन प्रौढांना मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने देत नाहीत, म्हणजे एक ग्रॅमला निदान वीस मिनिटे लागतात. घड्याळ न पाहता दिलेले 'हळू' बहुधा पाच मिनिटांतच संपते.

लिहा, वाचा, थांबा

ऐकणाऱ्याने आदेश ऐकता-ऐकता थेट ट्रीटमेंट शीटवर लिहावा. तळहातावर, हातमोज्याच्या पाठीवर, सिरिंजच्या वेष्टनावर किंवा टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टच्या कोपऱ्यात लिहून नंतर 'फेअर' करण्याची सवय सोडावी, कारण प्रत्येक नक्कल ही नव्या चुकीची संधी असते. अंक सर्वत्र एकाच लिपीत असावेत. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ, देवनागरी चार आणि इंग्रजी आठ हे घाईच्या अक्षरात जुळे भाऊ दिसतात, म्हणून वॉर्डातील सर्व कागदांवर इंग्रजी अंक वापरण्याचा नियम करावा. मराठीचा अभिमान इतरत्र मिरवायला पुष्कळ जागा आहे.

नंतर वाचून दाखवावे, आणि 'वाचून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कानावर पडलेले लगेच तोंडाने म्हणणे सोपे असते. त्यातून फक्त कान तपासला जातो, हात नाही. डॉक्टरांनी साठ म्हटले, सिस्टरने साठ ऐकले, साठ म्हणून दाखवले आणि सात लिहिले, तर म्हणून दाखवण्याचा काय उपयोग झाला? म्हणून नजर कागदावर ठेवून, लिहिलेले अक्षर वाचावे. अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३ पासून रुग्णसुरक्षेच्या उद्दिष्टांत हीच गोष्ट घातली. आपल्याला यासाठी इतके दूर जायचीही गरज नाही. रेल्वे फाटकावरचा गेटमन फाटक बंद झाल्याचे स्टेशन मास्तरांना फोनवर कळवतो तेव्हा नुसते 'हो साहेब' चालत नाही. खाजगी क्रमांक, म्हणजे एक सांकेतिक आकडा, दिला-घेतला जातो आणि नोंदला जातो, तेव्हाच ते बोलणे ग्राह्य धरतात.

वाचून झाल्यावर थांबावे. पलीकडून स्पष्ट 'बरोबर' यावे. 'हं', 'हो हो', 'ठीक आहे ठीक आहे' ही मान्यता नव्हे, आणि वाचणे पूर्ण होण्याआधी फोन ठेवला गेला तर पुन्हा लावावा. प्रत्यक्षात हे सगळे किती वेळात होते, ते पाहा.

'सर, महिला मेडिकलमधून स्टाफ सिस्टर बोलतेय. जाधव आजी, आयपीडी क्रमांकाचे शेवटचे आकडे दोन-सात-एक-चार. वय ६८, हृदयाचे पंपिंग कमी असलेल्या. अर्ध्या तासापासून दम वाढलाय. श्वास ३२, ऑक्सिजन ८८, बीपी १५० बाय ९०, दोन्ही बाजूंना खाली घरघर आहे. बसवून ऑक्सिजन लावलाय. फुफ्फुसात पाणी वाढल्यासारखे वाटते. आपण यावे, आणि तोवर काय देऊ ते सांगावे.'

'लॅसिक्स दोन अ‍ॅम्प्युल द्या. मी निघालोच.'

'सर, आपल्याकडे वीसचेही आहे आणि चाळीसचेही. मिलिग्रॅममध्ये सांगता का?'

'चाळीस. चार-शून्य. आयव्ही, हळू.'

'किती मिनिटांत, सर?'

'दोन-तीन मिनिटांत.'

'लिहिले. वाचते. जाधव, दोन-सात-एक-चार. फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, चाळीस मिलिग्रॅम, चार-शून्य, शिरेतून, तीन मिनिटांत, एकदाच, आत्ता, फुफ्फुसातील पाण्यासाठी. अ‍ॅलर्जी नाही.'

'बरोबर.'

हे संभाषण मोठ्याने वाचून पाहिल्यास सव्वा मिनिटात संपते. येथे 'सव्वा' चालेल. त्यानंतरच्या नोंदीत तारीख, वेळ, संपूर्ण आदेश, आदेश देणाऱ्या डॉक्टरांचे नाव, घेणारीचे नाव व सही, आणि 'फोनवरील आदेश, वाचून पडताळला' हे शब्द असावेत. औषध प्रत्यक्ष दिल्याची वेळ ही वेगळी नोंद आहे. दोन्ही वेळा एकाच रकान्यात कोंबू नयेत. जवळ दुसरी सिस्टर मोकळी असेल तर फोन स्पीकरवर ठेवून तिलाही ऐकवावे, मात्र नातेवाईकांच्या कानावर रुग्णाची माहिती जाणार नाही इतके दूर जाऊन.

शंका आली तर

आपल्या वॉर्डांत औषधाच्या चुकीपेक्षाही जास्त भीती वाटते ती 'अगं, एवढंही कळत नाही का?' या वाक्याची. त्या भीतीवर उपदेशाचा उपयोग होत नाही. तयार वाक्ये हाताशी असावी लागतात. 'सर, मला नीट ऐकू आले नाही, डोस पुन्हा सांगाल का?' हे पहिले. त्याने भागले नाही तर 'सर, हा डोस मला नेहमीपेक्षा जास्त वाटतो, म्हणून खात्री करते.' आणि तरीही समाधान झाले नाही तर 'सर, मला याबाबत शंका आहे. आपण येईपर्यंत मी हे औषध देत नाही, आणि ड्यूटी डॉक्टरांना कळवते.' तिसरे वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच लागते. पण ते उच्चारणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षक उभे राहतील हे तिला आधीपासून ठाऊक असले, तरच पहिले वाक्य तिच्या तोंडून सहज निघते.

यात डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. आदेश संपताच स्वतःहून 'वाचून दाखवा' म्हणणारे एक ज्येष्ठ सर्जन मी पाहिले आहेत. त्यांच्या युनिटमध्ये विचारायला कोणी घाबरत नसे, आणि त्यांचे निवासी डॉक्टर पुढे जिथे गेले तिथे तीच सवय घेऊन गेले. उलट, वाचून दाखवण्याला अविश्वास समजणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांबाबत सिस्टर एकमेकींना विचारून अंदाज बांधतात, आणि ते त्या डॉक्टरांना कधी कळतही नाही.

कोड ब्लूच्या वेळी

हृदय थांबलेल्या रुग्णापाशी कागदावर लिहून वाचून दाखवायला उसंत नसते. तेथे म्हणून दाखवणे चालते, पण ते पूर्ण असावे. नेतृत्व करणाऱ्याने हवेत 'अ‍ॅड्रिनलिन द्या' असे न म्हणता विशिष्ट व्यक्तीकडे पाहून, नाव घेऊन सांगावे. तिने औषध व डोस परत म्हणावा, सिरिंज दाखवावी, आणि दिल्यावर 'अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम दिले, दोन एक्केचाळीस' असे मोठ्याने सांगावे. एक जण केवळ घड्याळ आणि नोंद सांभाळेल. अ‍ॅड्रिनलिन तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा द्यायचे असते आणि त्या धावपळीत कोणालाच वेळेचे भान राहत नाही. रिकामी अ‍ॅम्प्युले किडनी ट्रेमध्ये जमा करावीत, मामांनी लगेच उचलू नयेत. शेवटी नोंद जुळवताना तीच साक्ष देतात.

मोबाइलवरील संदेश

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आदेश लेखी असतो, म्हणून तो सुरक्षित आहे अशी समजूत पसरली आहे. ती अर्धीच खरी आहे. संदेश कोणत्या रुग्णाचा हे वरच्या संदेशावरून ठरवले जाते आणि मध्ये दुसऱ्या रुग्णाचा अहवाल येऊन पडला की धागा तुटतो. मोबाइल आपल्या मनाने शब्द बदलतो. आणि निळ्या खुणा म्हणजे संदेश उघडला गेला, एवढेच. असा आदेश आला तर तो शीटवर लिहून फोन करून वाचून दाखवावा, म्हणजे त्याला तोंडी आदेशाचेच सर्व नियम लावावेत. ध्वनिसंदेश तर स्वीकारूच नये. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

सही आणि त्यानंतर

आदेश देणाऱ्या डॉक्टरांनी लवकरात लवकर, आणि रुग्णालयाने ठरवलेल्या मुदतीत, त्या नोंदीखाली तारीख-वेळेसह सही करावी. बहुतेक धोरणांत ही मुदत २४ तासांची असते. सही राहिली तर कागदोपत्री ते औषध परिचारिकेने स्वतःच्या मनाने दिल्यासारखे दिसते, आणि तक्रार झाल्यास पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. सकाळच्या ओव्हरमध्ये, म्हणजे पाळी सोपवताना, 'रात्रीचे तोंडी आदेश: तीन, सह्या बाकी: दोन' असे आकड्यांत सांगण्याची पद्धत पाडावी, राउंडला डॉक्टर आले की ती पाने आधी पुढे करता येतात.

महिन्यातून एकदा इन्चार्ज सिस्टरने मागील तोंडी आदेश काढून बसावे आणि त्यांतील किती टाळता आले असते ते पाहावे. एका वॉर्डात आम्ही असे बसलो तेव्हा रात्रीच्या फोनांपैकी बहुतेक ताप, उलटी, झोप आणि शौचाला न होणे यांसाठी होते. उपाय सोपा निघाला: दाखल करतानाच डॉक्टरांनी या चार त्रासांसाठी गरज पडल्यास द्यायची औषधे, डोस, दोन डोसांतील किमान अंतर आणि चोवीस तासांतील कमाल मर्यादेसह लिहून ठेवायची. फोन कमी झाले, कन्सल्टंटची झोपमोड कमी झाली, आणि उरलेल्या फोनांकडे दोन्ही बाजूंनी नीट लक्ष जाऊ लागले.

नव्या कर्मचाऱ्यांसाठी पंधरा मिनिटांचा एक सराव घ्यावा. एकाने व्हरांड्यात, जिथे ट्रॉल्यांचा आवाज आहे तिथे, मोबाइलवरून दहा आदेश सांगायचे. दुसऱ्याने आत बसून ते शीटवर लिहायचे. दहांपैकी तीन-चार आदेशांत मुद्दाम 'साठ', 'अडीच', 'एक अ‍ॅम्प्युल' आणि 'हळू' पेरून ठेवायचे. पहिल्या फेरीत वाचून दाखवायचे नाही, दुसऱ्या फेरीत दाखवायचे, आणि दोन्ही शीट शेजारी ठेवून तपासायच्या. तिसऱ्या फेरीत डॉक्टरांना आत लिहायला बसवावे आणि आदेश सिस्टरने सांगावेत. आमच्याकडे त्या फेरीत एका फिजिशियनांनी साठ मिलिग्रॅमचे सात लिहिले होते, आणि ती शीट आता फोनशेजारच्या भिंतीवर त्यांच्याच परवानगीने चिकटवलेली आहे.